बीड जिल्ह्यातील वाहनांचे रंग : ऊन, धूळ आणि पाणी यांच्या हिशेबातून घडलेली निवड

वाहनाचा रंग ही घेणाऱ्याच्या आवडीची बाब आहे असा सर्वसाधारण समज असला, तरी बीड जिल्ह्यातील वाहनांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिल्यास या समजाला फारसा आधार मिळत नाही. बैलगाडीच्या लाकडाला पाजलेल्या तेलापासून आजच्या पांढऱ्या मोटारींपर्यंत येथील जवळजवळ प्रत्येक रंगामागे काही व्यावहारिक कारण उभे आहे. कधी ते राज्यसत्तेच्या ओळखीचे होते, कधी कारखान्याच्या सोयीचे, तर कधी परवान्याच्या अटीचे. निवडीचे स्वातंत्र्य सामान्य ग्राहकाच्या हाती आले तेव्हाही कडक ऊन, बारीक धूळ, पाण्याची टंचाई, दुरुस्तीचा खर्च आणि पुनर्विक्रीची किंमत यांनी ती निवड पुन्हा मर्यादित केली. या मर्यादांतून जे शहाणपण साठत गेले ते कोणत्याही ग्रंथात नोंदलेले नाही. ते वाहनमालक, चालक आणि रंगारी यांच्या व्यवहारात टिकून आहे, आणि म्हणूनच त्याचा क्रम लावणे आवश्यक ठरते.

या इतिहासाची पार्श्वभूमी भूगोलाने घातलेली आहे. बीड जिल्हा १९ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेला आहे. या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, थेट माथ्यावर येतो. त्यांपैकी जुलैतील ऊन बहुधा ढगांआड राहते, मात्र मे महिन्यातील ऊन निरभ्र आकाशातून पडते आणि तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या खोऱ्यात, गेवराई आणि माजलगाव या तालुक्यांत, काळी कसदार जमीन आहे, तर आष्टी, पाटोदा या भागांत बालाघाटच्या डोंगररांगांवर हलकी, मुरमाड जमीन पसरलेली आहे. बीड शहराला रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्याआधी दीर्घकाळ लोहमार्ग जिल्ह्याच्या पूर्वेकडील परळी भागापुरताच होता आणि उर्वरित जिल्ह्याचे सारे दळणवळण रस्त्यावर अवलंबून होते. वाहन येथे चैनीपेक्षा गरजेची वस्तू अधिक राहिली ती यामुळेच.

तेल, गेरू आणि बैलगाडी

मोटार येण्यापूर्वी या प्रदेशाचे मुख्य वाहन बैलगाडी हे होते. तिच्या बांधणीत बाभळीच्या लाकडाला मोठे स्थान होते, कारण ते चिवट असून झीज सोसते. उन्हाळ्यात लाकूड आकसले की चाकाचे आरे सैल होतात आणि चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, निसटू लागते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते आणि कुजण्याचा धोका निर्माण होतो. लाकडाला तेल पाजण्याची रीत या दोन्ही संकटांवरील उपाय होती. मराठवाड्याच्या रब्बी हंगामात पिकणाऱ्या जवस आणि करडई या गळितांची तेले हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होतात आणि पृष्ठभागावर पापुद्रा धरतात, म्हणून रंगशास्त्रात त्यांची गणना सुकणाऱ्या वा अर्धवट सुकणाऱ्या तेलांत केली जाते. अशा तेलात गेरू कालवला की तांबडे रोगण तयार होते आणि काजळी कालवली की काळे.

या दोन रंगद्रव्यांचा विशेष असा की ती उन्हाने उडत नाहीत. गेरूचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो आणि ते खनिज इतके स्थिर असते की सूर्यप्रकाशामुळे त्यात बदल घडून येत नाही. काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन, आणि तोही तितकाच टिकाऊ. पोळ्याला बैलांची शिंगे हिंगुळाने वा तयार रंगाने रंगवून त्यांवर बेगड चिकटवण्याची प्रथा सणाच्या शोभेची होती, तो रंग पुढच्या पोळ्यापर्यंत टिकावा अशी कोणाचीही अपेक्षा नसे. गाडीच्या लाकडाचे रोगण मात्र संरक्षणासाठी होते आणि शोभा हा त्याचा दुय्यम लाभ होता. रंग हे आधी कवच आणि मग अलंकार, हे तत्त्व मोटारीच्या युगातही बदलले नाही. बदलली ती केवळ द्रव्ये.

संस्थानी राजवट आणि मोटारीचे आगमन

१९४८ पर्यंत बीड हा हैदराबाद संस्थानाच्या औरंगाबाद सुभ्यातील एक जिल्हा होता. त्या संस्थानात मोटारीच्या रंगाचा पहिला ठळक वापर सत्तेचे चिन्ह म्हणून झाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात मागणी नोंदवलेली आणि त्यांच्या निधनानंतर मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत येऊन पोहोचलेली रोल्स-रॉइस कंपनीची सिंहासन-मोटार पिवळ्या रंगाची होती, कारण पिवळा हा आसफजाही घराण्याचा रंग होता आणि संस्थानाच्या ध्वजावरही तोच झळकत असे. समारंभासाठी राखलेल्या अशा वाहनाला धूळ, ऊन किंवा दुरुस्तीचा खर्च यांचा विचार करावा लागत नव्हता. सामान्य प्रजेच्या वाट्याला मोटार आली ती प्रवासी बसच्या रूपाने. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे खात्याच्या जोडीने रस्ते वाहतूक विभाग सुरू झाला, तेव्हा त्याच्याकडे २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. भारतातील सरकारी प्रवासी वाहतुकीच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते.

त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत रंगाच्या तंत्राने मोठे वळण घेतले होते. आरंभीच्या मोटारी घोडागाड्यांप्रमाणेच तेलयुक्त वार्निशाने रंगवल्या जात. एकावर एक अनेक हात द्यावे लागत आणि प्रत्येक हात सुकण्यास इतका वेळ लागे की एका गाडीचे रंगकाम आठवडे चाले. फोर्ड कंपनीने आपली ‘मॉडेल टी’ ही मोटार १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात विकली. त्यामागे स्वस्ताई, टिकाऊपणा आणि उत्पादनाची गती यांचा विचार होता, कारण डांबरासारख्या खनिज द्रव्यापासून बनवलेले आणि भट्टीत भाजून कडक केलेले काळे एनॅमल तिच्या कारखान्याच्या सोयीचे होते. १९२३ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजवर आधारलेला, काही तासांत सुकणारा ‘ड्युको’ हा रंग बाजारात आणला. त्यामुळे रंगीत मोटारी कमी वेळात तयार करणे शक्य झाले आणि ग्राहकापुढे प्रथमच निवडीचा प्रश्न उभा राहिला. भारतात हे व्यापारी नाव इतके रुळले की पुढे अनेक दशके फवाऱ्याने मारलेल्या कोणत्याही मोटाररंगाला ड्युको म्हटले गेले. १९२० मध्ये मुंबईच्या लोअर परळ भागात सुरू झालेली गॅहॅगन पेंट्स ही कंपनी, जी पुढे नेरोलॅक म्हणून ओळखली गेली, आणि १९४२ मध्ये मुंबईतच स्थापन झालेली एशियन पेंट्स यांमुळे रंगाची देशी बाजारपेठ उभी राहिली.

ठरवून दिलेले रंग

स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत बीडच्या रस्त्यांवरील बहुतेक वाहनांचे रंग शासन, महामंडळ किंवा परवाना यांनी ठरवलेले होते. १ जून १९४८ रोजी मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची पहिली बस पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे बीडच्या शेजारच्या जिल्ह्यात, गेली. ती निळ्या रंगाची असून तिचे छत चंदेरी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे मराठवाड्याची राज्य परिवहन सेवा मुंबई आणि नागपूरकडील सेवांबरोबर एकत्र होऊन महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आकाराला आले. या महामंडळाची साधी बस लाल रंगाने ओळखली जाऊ लागली आणि ‘लालपरी’ हे नाव तिला चिकटले.

एका रंगाच्या ताफ्याचे फायदे मोठे होते. एकाच रंगाचा साठा ठेवावा लागे, अपघातात चेपलेला पत्रा बदलल्यावर छटा जुळवण्याची अडचण कमी होई, आणि अक्षरओळख नसलेल्या प्रवाशालाही माळरानावरील फाट्यावर उभे राहून दुरून येणारी बस ओळखता येई. महामंडळाच्या चिकलठाणा येथील मध्यवर्ती कार्यशाळेत बसचे सांगाडे आणि रंगकाम होत असल्याने मराठवाड्यातील गाड्यांना ही सोय जवळच उपलब्ध झाली. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांसाठी वापरलेल्या बसगाड्या महामंडळाने घेतल्या आणि त्यांवरून निमआराम सेवेला ‘एशियाड’ हे नाव पडले. तिच्या हिरव्या-पांढऱ्या रंगामुळे जादा भाड्याची गाडी कोणती, हे प्रवाशाला पाटी न वाचता समजू लागले.

ग्रामीण भागात एसटीची वेळ चुकलेल्या प्रवाशांना आधार होता तो काळी-पिवळी जीपचा. महाराष्ट्रातील टॅक्सींसाठी काळ्या अंगाचा आणि पिवळ्या छताचा जो रंगसंकेत आहे, तोच मराठवाड्यातील प्रवासी जीपना लागू झाला आणि वाहनाच्या बनावटीपेक्षा त्याचा रंगच त्याचे नाव बनला. पर्यटक परवान्यावरील वाहनांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पांढरा रंग आणि त्यावर मध्यभागी पाच सेंटिमीटर रुंदीचा निळा पट्टा ठरवून दिला होता. लष्करी वाहनांची ओळख राखण्यासाठी ऑलिव्ह हिरवा रंग इतरांना वर्ज्य ठरवण्यात आला. शासकीय अधिकाऱ्यांच्या वाट्याला पांढरी अँबॅसेडर आली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पांढरी मोटार म्हणजे अधिकार, हे समीकरण जनमानसात दृढ झाले. खासगी ग्राहकाला त्या काळी अँबॅसेडर आणि फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, या मोजक्या गाड्यांपलीकडे पर्याय नव्हता. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबल्यावर जी गाडी मिळेल ती घ्यावी लागत असल्याने रंगाचा आग्रह धरणे सहसा शक्य होत नसे.

निवडीचे स्वातंत्र्य आणि उन्हाचा हिशेब

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली आणि १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने मोटारींचे नवे कारखाने देशात उभे राहिले, तेव्हा रंगांची यादी ग्राहकापुढे ठेवली जाऊ लागली. बीडमधील ग्राहकाने त्या यादीतून जे रंग सातत्याने उचलले त्यांत पांढरा आणि चंदेरी हे अग्रभागी राहिले, आणि त्यामागील पहिले कारण ऊन हे होय. पृष्ठभागावर पडलेल्या सूर्यऊर्जेपैकी किती भाग परत फेकला जातो, या प्रमाणाला परावर्तनक्षमता म्हणतात. ती पांढऱ्या रंगात सर्वाधिक आणि काळ्यात सर्वांत कमी असते. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच बनावटीच्या काळ्या आणि चंदेरी मोटारी उन्हात शेजारी उभ्या करून मोजमापे घेतली. त्यांत काळ्या मोटारीचे छत चंदेरीपेक्षा २५ अंश सेल्सिअसपर्यंत अधिक तापले, तर आतील हवेत सुमारे पाच ते सहा अंशांचा फरक पडला.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. छताच्या तापमानातील फरक मोठा असला तरी आतील हवेतील फरक त्या मानाने लहान राहतो, कारण मोटारीत शिरणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा काचांमधून येतो आणि काचेला रंगाची निवड लागू पडत नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केल्यानंतर उन्हाला अडवण्याचा तो मार्गही बंद झाला आणि बाहेरील रंग तसेच उभे करण्याची जागा यांचे महत्त्व वाढले. कडुनिंबाच्या सावलीत उभी केलेली काळी मोटार उघड्यावर तापलेल्या पांढऱ्या मोटारीपेक्षा आतून थंड राहू शकते. पण आठवडी बाजार, तहसील कचेरी किंवा मंगल कार्यालय येथे सावली मिळेलच याची खात्री नसते, आणि जी गाडी दिवसचे दिवस उघड्यावर उभी राहणार तिच्यासाठी फिक्या रंगाचा लाभ खरा आहे. सूर्यऊर्जेचा सुमारे निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, त्यामुळे डोळ्यांना सारख्याच गडद दिसणाऱ्या दोन छटा उन्हात कमी-अधिक तापू शकतात, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

उन्हाचा दुसरा परिणाम रंगाच्या आयुष्यावर होतो. अतिनील किरण रंगातील राळेचे, म्हणजे रंगकणांना धरून ठेवणाऱ्या द्रव्याचे, बंध तोडतात; मग पृष्ठभागावर हात फिरवल्यास खडूसारखी भुकटी लागते आणि चकाकी जाते. लाल रंगातील अनेक सेंद्रिय रंगद्रव्ये या माऱ्याला लवकर बळी पडतात आणि गाडीचा लाल पत्रा गुलाबीकडे झुकू लागतो. पांढऱ्या रंगात वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड हे खनिज मात्र त्याच्या सुधारित स्वरूपात दीर्घकाळ टिकते, आणि त्यात थोडी झीज झाली तरी ती डोळ्यांत भरत नाही. बैलगाडीच्या काळात गेरूने जे काम केले तेच आज या पांढऱ्या खनिजाने पत्करले आहे.

धूळ, राख आणि पाण्याची टंचाई

बीडच्या रस्त्यांचा मोठा भाग दुष्काळी कामांतून वाढला. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमी योजनेत हजारो मजुरांनी खडी फोडली, मुरूम पसरला आणि गावे जोडली. या रस्त्यांवर डांबर पडण्यास पुढे बराच काळ जावा लागला आणि मधल्या काळात वाहनावर बसणारी फिक्या तपकिरी रंगाची धूळ हा रोजचा अनुभव होता. ही धूळ काळ्या रंगावर सर्वांत ठळक दिसते, कारण पार्श्वभूमी आणि धूळ यांच्या उजळपणात मोठे अंतर असते. चंदेरी, राखाडी आणि बदामी या मधल्या छटांवर ती लपते, आणि पांढऱ्यावर कोरड्या दिवसांत खपून जाते. पावसाळ्यात चित्र बदलते. काळ्या रानातून गेलेल्या गाडीवर चिखलाचे शिंतोडे पांढऱ्या रंगावरच अधिक उठून दिसतात. तरीही जिल्ह्यात कोरडे महिने ओल्या महिन्यांपेक्षा अधिक असल्याने वर्षभराचा हिशेब मधल्या छटांच्या बाजूने राहतो आणि पांढरा त्यांच्या मागोमाग येतो.

धुळीचा प्रश्न दिसण्यापुरता राहत नाही, कारण ती धुण्यासाठी पाणी लागते. ज्या जिल्ह्याने १९७२ नंतर २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांतही तीव्र दुष्काळ सोसला, जेथे गावोगावी पिण्याचे पाणी टँकरने पुरवावे लागले, तेथे रोज गाडी धुणे व्यवहार्य नाही आणि योग्यही नाही. धूळ लपवणारा रंग घेणे हा या परिस्थितीत पाणी वाचवण्याचा साधा मार्ग ठरतो. शिवाय अनेक ठिकाणी विंधन विहिरीचे पाणी क्षारयुक्त असते. ते गाडीवर वाळले की पांढरट डाग उरतात, गडद रंगावर ते लांबूनही दिसतात आणि वेळीच न पुसल्यास वरच्या थरात रुततात. पांढऱ्या गाडीवरही क्षार बसतातच, फक्त ते नजरेस येत नाहीत, म्हणून फिका रंग घेतल्याने काळजीची गरज संपते असे मानणे चुकीचे होईल.

परळी परिसरात धुळीच्या जोडीला राख येते. येथील औष्णिक विद्युत केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले आणि कोळशाच्या ज्वलनातून निघणारी बारीक राख, तिची वाहतूक आणि तिचे साठे यांचा परिसरावर दीर्घकाळ परिणाम झाला. २०१५ मध्ये पाण्याअभावी या केंद्रातील वीजनिर्मिती थांबवावी लागली होती, यावरूनही जिल्ह्यातील पाण्याची स्थिती ध्यानात येते. राखेचे कण प्रामुख्याने सिलिका आणि ॲल्युमिना यांचे बनलेले असून कठीण असतात. अशी राख बसलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसली की रंगाच्या वरच्या थरावर केसासारखे बारीक चरे उठतात आणि काळ्या, गडद निळ्या वा गडद लाल रंगावर ते उन्हात जाळीसारखे चमकतात. फिक्या रंगावर चरे तितकेच पडतात, पण दिसत नाहीत. ज्या ठिकाणी पुरेशा पाण्याने आधी राख वाहून घालवणे शक्य नाही, तेथे हा फरक वर्षा-दोन वर्षांतच जाणवतो.

रंगाऱ्याचे ज्ञान

वाहनाचा रंग घेताना ज्याचा विचार सर्वांत कमी केला जातो आणि ज्याचा खर्च पुढे सर्वांत अधिक सोसावा लागतो, ती बाब म्हणजे दुरुस्ती. आजच्या मोटारीवर साधारणपणे चार थर असतात. पत्र्याला गंजापासून वाचवणारा विद्युत-प्रक्रियेने चढवलेला थर तळाशी असतो, त्यावर प्रायमर, त्यावर मूळ रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक कवच. १९८० च्या दशकात ही पद्धत जगभर पसरली. त्यापूर्वीच्या, पारदर्शक कवच नसलेल्या चकचकीत रंगाला घासून, पॉलिश करून पुन्हा उजाळा देता येत असे. क्लिअर कोट मात्र एकदा उन्हाने फुटून साल धरू लागला की तो भाग घासून नव्याने रंगवण्यावाचून उपाय राहत नाही.

डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या कारागिराचे काम चेपलेला पत्रा ठोकून समतल करण्यापासून सुरू होते. त्यानंतर तो लांबी, म्हणजे खड्डे भरण्याचा लेप, लावतो, पॉलिश पेपरने पाण्यात घासतो, प्रायमर मारतो आणि कॉम्प्रेसरला जोडलेल्या गनने रंगाचे हात देतो. या प्रत्येक टप्प्यावर रंगाच्या प्रकाराने फरक पडतो. साधा, एकजिनसी रंग जुळवणे तुलनेने सोपे असते. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात, आणि गनचे अंतर, हवेचा दाब व थिनरचे प्रमाण यांनुसार ते वेगवेगळ्या कोनांत बसतात, त्यामुळे डबा तोच असूनही दुरुस्त केलेले दार शेजारच्या दारापेक्षा निराळे दिसू शकते. मोत्यासारखी झाक असलेल्या रंगात अभ्रकाच्या कणांचा आणखी एक थर येतो आणि जुळणी अधिकच कठीण होते. शिवाय उघड्या शेडमध्ये काम करताना ओल्या रंगावर धुळीचे कण बसतात आणि लांबीखालील पत्र्याची किंचितशी लाट काळ्या रंगात आरशासारखी उघडी पडते, तर साध्या पांढऱ्यात ती झाकली जाते. जेथे बंद कक्ष आणि भट्टी असलेली कार्यशाळा दूर शहरात आहे, तेथे साधा पांढरा रंग घेणे म्हणजे गावातील कारागिराला नीट करता येईल असे काम निवडणे होय.

या कारागिरांचे ज्ञान बहुधा उस्तादाच्या हाताखाली राहून मिळवलेले असते आणि त्याची लेखी नोंद होत नाही. मे महिन्यात थिनर झपाट्याने उडून रंग गनमधून बाहेर पडतानाच सुकू लागतो, म्हणून सावकाश उडणारे थिनर वापरावे. पावसाळी दमट हवेत लॅकरवर धुरकट पांढरी झाक येते, म्हणून काम पुढे ढकलावे. अशा गोष्टी हे लोक अनुभवाने जाणतात. जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासात या व्यवसायाला स्थान मिळणे न्याय्य आहे, कारण वाहनांवर जगणाऱ्या प्रदेशात वाहनांचे आयुष्य वाढवण्याचे काम त्याने केले आहे. थिनरची वाफ आणि रंगाचे तुषार फुप्फुसांना घातक असतात, म्हणून मुखावरणाची आणि खेळत्या हवेची व्यवस्था त्यांच्यापर्यंत पोहोचणे हीदेखील तितकीच निकडीची गरज आहे.

संधिप्रकाशातील सुरक्षितता

गळीत हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढील चार-पाच महिने, बीडचे ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, तर जिल्ह्यातील कारखान्यांच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्या, ट्रक आणि टायरच्या बैलगाड्या रात्रंदिवस चालतात. या काळात वाहन दिसणे हा जीविताचा प्रश्न होतो. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या अपघात संशोधन केंद्राने तेथील अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिवसाउजेडी काळ्या मोटारींचा अपघाताचा धोका पांढऱ्यापेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी अधिक आढळला आणि पांढऱ्यापेक्षा निश्चितपणे सुरक्षित असा एकही रंग सापडला नाही. परदेशातील हे प्रमाण बीडच्या रस्त्यांना जसेच्या तसे लावता येणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

लाल रंगाविषयी येथे विशेष सांगितले पाहिजे. भर उन्हात लांबून उठून दिसणारा हा रंग दिवेलागणीला मात्र काळपट वाटू लागतो, कारण मंद प्रकाशात मानवी डोळा निळ्या-हिरव्या छटांना अधिक आणि लाल छटांना कमी प्रतिसाद देतो. एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी ही गोष्ट नोंदवली आणि तिला त्यांचेच नाव मिळाले. या भागात चालणारे अनेक ट्रॅक्टर लाल रंगाचे आहेत आणि त्यामागील ट्रॉली उसाच्या वाढ्यांनी झाकलेली असते, त्यामुळे सायंकाळी त्या दोन्ही रस्त्याच्या काळोखात मिसळून जातात. पूर्ण अंधारात तर कोणताही रंग पुरेसा ठरत नाही. तेथे चालू असलेला मागचा दिवा आणि पुसून स्वच्छ ठेवलेले रिफ्लेक्टर हेच प्राण वाचवतात. पांढऱ्या मोटारीच्या मालकानेही रंगाच्या भरवशावर दिव्यांकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे.

श्रद्धा, नोंदणी आणि पुनर्विक्री

नवी गाडी घेतल्यावर परळीला वैजनाथाच्या किंवा अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला नेण्याची, दसऱ्याला झेंडूची माळ घालून तिची पूजा करण्याची आणि दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची वा काळी बाहुली बांधण्याची रीत जिल्ह्यात रूढ आहे. शुभकार्यात काळा रंग टाळण्याच्या जुन्या संकेताचा विस्तार मोटारीपर्यंत झाला आणि घरातील वडीलधाऱ्यांनी काळी गाडी नको म्हणण्यास तो पुरेसा ठरला. ही श्रद्धा आणि उन्हाचा हिशेब यांचे उत्तर एकच निघत असल्याने पांढऱ्या रंगाला दुहेरी पाठबळ मिळाले. अधिकाऱ्यांच्या पांढऱ्या मोटारीने निर्माण केलेली प्रतिष्ठेची कल्पना पुढे राजकीय कार्यकर्ते आणि बागायतदार यांच्या मोठ्या गाड्यांनी चालू ठेवली.

पुनर्विक्रीचा विचारही याच दिशेने जातो. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात पांढऱ्या गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळते, कारण ती घरगुती वापराला, भाड्याने देण्याला आणि लग्नकार्याला सारखीच चालते. भडक किंवा विरळ रंगाच्या गाडीला तो रंग आवडणारा गिऱ्हाईक भेटेपर्यंत थांबावे लागते आणि बहुधा किंमतही उतरवावी लागते. रंग बदलून घेणे हा सोपा मार्ग नाही. वाहनाचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असतो, त्यामुळे बीडची एमएच-२३ किंवा अंबाजोगाईची एमएच-४४ मालिका असलेल्या गाडीचा रंग बदलायचा झाल्यास परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते. न केल्यास विमा, तपासणी आणि हस्तांतरण यांत अडचणी येतात. त्यातच दारांच्या आतील कडा आणि बॉनेटखालील भाग मूळ रंगातच राहिला, तर गाडीचा मोठा अपघात झाला असावा अशी शंका खरेदीदाराच्या मनात येते.

या साऱ्या इतिहासातून रंगनिवडीचा एक सुसंगत क्रम हाती लागतो. गाडी सावलीत उभी राहणार की उघड्यावर, ती डांबरी रस्त्यावर अधिक चालणार की मुरमाच्या, धुण्यासाठी किती आणि कसले पाणी मिळणार, जवळचा कारागीर कोणता रंग नीट जुळवू शकतो, आणि काही वर्षांनी ती विकायची आहे की अखेरपर्यंत वापरायची आहे, या प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत आणि आवडीचा विचार त्यानंतर करावा. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या आणि संध्याकाळी महामार्गावर धावणाऱ्या गाडीसाठी साधा पांढरा रंग, धुळीच्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या आणि क्वचित धुतल्या जाणाऱ्या गाडीसाठी चंदेरी वा बदामी छटा, आणि ज्याला सावली, पाणी व चांगली कार्यशाळा या तिन्हींची खात्री आहे त्याच्यासाठी गडद रंग, असा निष्कर्ष बीडच्या परिस्थितीतून निघतो. अल्प पावसाच्या, लांब अंतरांच्या आणि रस्त्यांवर विसंबलेल्या या जिल्ह्याने वाहनाकडे टिकवून वापरायची वस्तू म्हणून पाहिले आणि तिच्या रंगाकडे त्या टिकाऊपणाचे साधन म्हणून. ही दृष्टी पुढील ग्राहकांनी जपली, तर त्यांच्या पैशाबरोबरच जिल्ह्याचे पाणीही काही प्रमाणात वाचेल आणि रस्त्यावरील जीवितहानी टाळण्यास तिचा हातभार लागेल.